आईची गाडी, आईचं स्वयंपाकघर: मेलबर्नमधली ऑक्युपेशनल थेरपी तपासणी

पक्षाघातानंतर माणसाला पुन्हा गाडी चालवता येईल का आणि घरात एकटं वावरता येईल का, हे तपासणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. आम्ही माझ्या आईसाठी ही सेवा घेतली. मेलबर्नमध्ये आईवडील सोबत राहतात अशी बरीच मराठी घरं आहेत, पण या तपासणीत नक्की काय होतं ते आम्हाला कुणी धड सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. पैसे बरेच गेले. तरीही कुणी विचारलं तर मी घ्याच म्हणेन.

आई ७१ वर्षांची. ग्लेन वेव्हर्लीत आमच्याबरोबर राहते. नातवाला शाळेतून आणणं, क्लेटनची भाजी, वाचनालय, सगळं स्वतःच्या गाडीने. झटका मेंदूच्या उजव्या भागाला आला. बोलणं पहिल्यापासून स्वच्छ होतं, डावा हातही लवकर कामाला लागला. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण 'काही झालंय असं वाटतच नाही' म्हणून जायचा, आणि आईलाही तसंच वाटायला लागलं. इथल्या नियमानुसार पक्षाघातानंतर खासगी गाडी निदान ४ आठवडे चालवायची नसते. पुष्कळ जण याचा अर्थ पाचव्या आठवड्यात किल्ली हातात, असा घेतात. ती फक्त कमीत कमी मुदत आहे. त्यानंतर डॉक्टरांना शंका असेल तर ते या तपासणीला पाठवतात. आमच्या डॉक्टरांना शंका होती. माझा भाऊ गाडी विकून टाका म्हणत होता, आई ऐकायला तयार नव्हती, आणि जेवायच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तपासणीचा पहिला भाग खुर्चीत बसून होतो. नजर, मान दोन्हीकडे किती वळते, हाताची पकड, पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर किती चटकन जातो, रस्त्याचे नियम. मग कागदावरचे प्रकार: आकडे आणि अक्षरं आळीपाळीने रेघेने जोडायची, १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी. शंभरातून सात-सात वजा करायचे होते तेव्हा आईने विचारलं, मराठीत मोजलं तर चालेल का? थेरपिस्ट म्हणाली, जरूर. आई बँकेत नोकरी केलेली बाई. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, एका दमात. मी तिथेच होते, उत्तरं इंग्रजीत सांगितली. पण तुम्ही त्यावर विसंबू नका. दुभाषी लागणार असेल तर वेळ ठरवतानाच सांगा, कारण भाषेची अडचण आणि मेंदूची अडचण यांची गल्लत झाली तर निकालच चुकायचा.

मग तिने पानभर विखुरलेल्या बारीक चांदण्या दिल्या. प्रत्येकीवर काट मारायची. आईने उजवीकडची एकही सोडली नाही. डावीकडे खालच्या कोपऱ्यात मात्र बऱ्याच तशाच राहिल्या, आणि तिने 'झालं' म्हणून पेन खाली ठेवलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर आकडे उजवीकडे सरकून बसले. डोळे ठीक होते, डावीकडचं दिसतही होतं. मेंदू तिकडे लक्ष देत नव्हता. माणसाला स्वतःला हे कळत नाही, कारण जे लक्षातच आलं नाही ते चुकलं असं वाटणार कसं? आणि इथे, भारतासारखंच, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. म्हणजे सायकलवाले, उभ्या गाड्यांची उघडणारी दारं, फुटपाथवरून उतरणारी मुलं, सगळं नेमकं त्या डावीकडे.

दुसरा भाग रस्त्यावर. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असलेली. शिक्षक आईशेजारी, थेरपिस्ट मागे वही घेऊन. आधी शांत गल्ल्या, मग राउंडअबाउट, लेन बदलणं, शाळेजवळचा ताशी ४० किलोमीटरच्या मर्यादेचा टापू. सिग्नल, वेग, उजवीकडची वळणं, सगळं आईने पूर्वीसारखंच केलं. पण डावीकडे उभ्या गाड्यांच्या इतकी जवळून गेली की शिक्षकाला ब्रेक लावावा लागला. तिथेच ठरलं: सध्या नाही.

मला या सेवेचं मोल कळलं ते यानंतर. थेरपिस्टने आईला समोर बसवून सांगितलं की काय शाबूत आहे, काय अडलंय आणि अडलंय त्यावर काय करता येतं. लायसन्स ती रद्द करत नाही. ती शिफारस करते, निर्णय परवाना खात्याचा. तिने त्याच शिक्षकाकडे काही धडे सुचवले आणि त्यानंतर पुन्हा चाचणी, तीही आईच्या नेहमीच्या रस्त्यांवर. आई रडली, पण भांडली नाही. आम्ही मुलांनी हेच सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. चांदण्यांचा कागद तिने स्वतः हातात घेऊन पाहिला होता.

घरची तपासणी वेगळ्या थेरपिस्टने केली, माय एज्ड केअर या वृद्धांसाठीच्या सरकारी सेवेमार्फत. तिने आधी आईलाच विचारलं की तुम्हाला कोणत्या गोष्टी स्वतः करायच्या आहेत, आणि महत्त्वाप्रमाणे १ ते १० गुण द्यायला लावले. चहा, आंघोळ, देवपूजा. मग म्हणाली, चहा करून दाखवा. आईने आलं किसलं, साखर-पावडर घातली, सगळं बिनचूक. फक्त डाव्या शेगडीवर दूध ठेवलंय हे तिच्या लक्षातून गेलं आणि ते उतू गेलं. गाडीतली डावी बाजू आणि ओट्यावरची डावी बाजू एकच! मला तोवर हे दोन वेगळे विषय वाटत होते.

उपाय अगदी साधे निघाले. शेगडीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. काम सुरू करताना नजर आधी लाल पट्टीपर्यंत न्यायची, मग उजवीकडे यायचं. बादली-तांब्याची आंघोळ थेरपिस्टने बंद करायला लावली नाही. आईचं बुटकं प्लास्टिकचं स्टूल काढून रबरी बुडाचं उंच स्टूल आणलं आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. पूजेला खाली बसून उठताना आई कशाचा आधार घेते, हे तिने पाहून घेतलं. आधार डगमगत्या टीपॉयचा होता. आता देव कपाटावर आहेत आणि आई खुर्चीत बसून पूजा करते. हे तिला अजून रुचलेलं नाही, आणि मला ते समजतं.

गाडीच्या धड्यांतही युक्ती तीच. प्रत्येक वळणाआधी मोठ्याने म्हणायचं: डावा आरसा, डावा खांदा. आई हे घरात चालतानाही पुटपुटायची. पुन्हा झालेल्या चाचणीत ती पास झाली, पण लायसन्सवर अटी आल्या: घरापासून १० किलोमीटरच्या आत, आणि फक्त दिवसा. शाळा, वाचनालय, क्लेटन त्यात बसतं. कॅरम डाउन्सचं शिव-विष्णू मंदिर बसत नाही, तिथे आम्ही नेतो. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. पूर्ण बंदी घातली असती तर आई घरात कोमेजली असती. सरसकट परवानगी मिळाली असती तर मला झोप लागली नसती.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, आशियातली पहिली. तुमचे आईवडील मुंबईत असतील तर केईएम, सायन, नायर इथल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात जरूर विचारा. दोन ब्रेकची गाडी नाही मिळाली तरी कागदावरच्या चाचण्या आणि घरातल्या वावराचा सल्ला यांनीच खूप काही उघड होतं. चाळिशीनंतर लायसन्ससाठी तिथे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, पण असं डावीकडचं हरवलेलं लक्ष सहीपुरत्या तपासणीत सापडणार नाही.

तक्रारी दोन. अहवाल यायला फार वेळ लागला, आणि तो परवाना खात्यासाठी लिहिलेला, आईला त्यातला एकही परिच्छेद समजला नाही. आईसाठी सोप्या भाषेतलं एक पान आम्ही मागून घेतलं, तुम्हीही मागा. दुसरी पैशांची. थेरपिस्टची फी, शिक्षकाची आणि गाडीची फी, प्रत्येक धडा, पुन्हा चाचणी, सगळ्याचं बिल वेगळं आलं. आम्हाला फोनवर फक्त पहिला आकडा सांगितला होता. नापास झाल्यास पुढे एकूण किती लागतील, हे आधीच लेखी विचारून घ्या. मेडिकेअरमधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यातून, आम्हाला गाडीच्या तपासणीचे काहीच परत मिळाले नाहीत.