हवामान खात्याचा उन्हाळी अंदाज: किनाऱ्याला किती लागू, वाळवंटाला किती?

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मेचा अंदाज देतो आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा. लगेच ठाण्या-वाशीच्या सोसायटी ग्रुपवर लालभडक नकाशा फिरू लागतो, खाली ओळ असते, 'यंदा होरपळणार'. सेवा फुकट आहे आणि बऱ्याच अंशी चांगली आहे, पण त्या नकाशातून बहुतेक लोक जे वाचतात ते त्यात लिहिलेलंच नसतं.

मोसमी नकाशा तापमान सांगत नाही, शक्यता सांगतो. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा कमी असे तीन कप्पे असतात. काहीच कळत नसेल तर प्रत्येकाला ३३ टक्के. ठाण्यावर 'जास्त' कप्प्याला ५० टक्के असतील तर उरलेले ५० टक्के तसं न होण्याचे आहेत. शिवाय हे तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल आहे. १२ एप्रिलच्या लग्नाचा मांडव ठरवायला हा नकाशा निरुपयोगी. एसीची सर्व्हिसिंग मार्चमध्येच उरकायची का, एवढं ठरवायला पुरेसा.

खरी गोची विभागांची आहे. 'सौराष्ट्र आणि कच्छ' हा खात्याच्या ३६ उपविभागांपैकी एक. त्यात समुद्राला टेकलेलं द्वारका आहे आणि मे महिन्यात बेचाळिशी सहज गाठणारं सुरेंद्रनगरही. द्वारकेला त्याच दिवशी पारा बत्तीस-तेहतिसाच्या आसपास रेंगाळतो. मुलुंड-ठाण्यातून सुट्टीत कच्छला जाणाऱ्यांनी म्हणून उपविभागाचा रंग बघून बॅग भरू नये. मांडवीचं आणि भूजचं हवामान वेगळं. अंतर जेमतेम साठ किलोमीटर, पण एक किनाऱ्यावर आहे आणि दुसरं रणाकडच्या कोरड्या पट्ट्यात. 'कोकण आणि गोवा' या आपल्या उपविभागाचंही तेच. किनाऱ्यावरचं डहाणू आणि आतलं मुरबाड एकाच खणात! जिल्हानिहाय इशारा त्यातल्या त्यात बरा, पण ठाणे जिल्हाही खाडीपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलाय.

उष्णतेच्या लाटेचे निकषही जागेनुसार बदलतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश हवं. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त हवं. फरक ६.४ च्या वर गेला की तीव्र लाट. भूजची मेमधली सरासरी चाळिशीच्या आसपास, म्हणजे तिथे लाट ठरायला पारा चव्वेचाळिशी ओलांडायला हवा. मुंबई परिसरात मार्चची सरासरी तेहतिशीच्या आसपास, इथे ३८ पुरे. एकाच उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं घडलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. घोषणेची वाट बघणाऱ्याचा पहिला दिवस उन्हातच जातो. आधी येतो तो इशारा, बघायचा तो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

किनाऱ्याचा खरा शत्रू घाम, आणि निकष इथेच कमी पडतात. भूजला ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर उष्णता निर्देशांक, म्हणजे आर्द्रता धरून अंगाला जाणवणारं तापमान, जेमतेम ४०-४१ येतो. वाशीला ३५ अंश आणि ६० टक्के असेल तर तोच ४५! म्हणूनच डेझर्ट कूलर कच्छात कामाचा आणि ठाण्यात नुसता डास पाळायचा हौद. 'उष्ण रात्र'सुद्धा दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त असेल तरच धरली जाते; त्यामुळे ठाण्याच्या कोपरीत रात्रभर पंख्याखाली चिकचिक झाली तरी कागदावर ती रात्र सामान्यच. खात्याने २०२३ पासून प्रायोगिक उष्णता निर्देशांक द्यायला सुरुवात केली, ही त्यातली सर्वांत उपयोगी भर. एक चूक मात्र सर्रास होते: सकाळी साडेआठची आर्द्रता आणि दुपारचं कमाल तापमान एकत्र करून 'आज ६० अंश जाणवणार' असे मेसेज फिरतात. तापमान चढतं तशी आर्द्रता उतरते. दोन्ही आकडे एकाच वेळेचे घ्या.

शिवाय अधिकृत तापमान मोकळ्या जागेतल्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, सावलीत मोजतात. स्टेशनबाहेरच्या डांबरावर उभ्या असलेल्याला ते लागू नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा पारा चाळिशीखालीच होता.

मग रोज बघायचं काय? वाऱ्याची दिशा. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचे किंवा ईशान्येचे वारे जोरात असले की सह्याद्री उतरताना हवा दबून आणखी तापते आणि खारे वारे अडतात. एरवी अकरा-बाराला येणारे खारे वारे दोन-तीनपर्यंत लांबले की पारा तेवढ्या तासांत झपाट्याने चढतो. सांताक्रूझचा मार्चमधला ४१.७ चा विक्रम (२८ मार्च १९५६) अशाच महिन्यातला. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, त्यामुळे कुलाब्याला गार झालं म्हणून इथेही झालं असेल, असं धरू नका.

वापरायचा क्रम असा: दर गुरुवारचा विस्तारित अंदाज पुढच्या दोन आठवड्यांचा कल कळायला, कुलाब्याच्या प्रादेशिक केंद्राचा पाच दिवसांचा जिल्हा इशारा कामं ठरवायला आणि तीन तासांचा तात्काळ अंदाज एप्रिल-मेमधल्या वळवासाठी. विजांसाठी वेगळं 'दामिनी' अॅप आहे.

गुण द्यायचे तर पाच दिवसांच्या इशाऱ्याला पाचपैकी चार, विस्तारित अंदाजाला तीन आणि मोसमी नकाशाला अडीच. तो अर्धा गुणही एवढ्यासाठीच, की शक्यतेचे आकडे ते लपवत नाहीत. लपवतो तो फॉरवर्ड करणारा.