मावझर म्हणून नेली, अठ्ठ्याऐंशी म्हणून परत आणली : धुळ्यातील एका बंदूक दुकानाच्या ओळख-तपासणीचा अनुभव

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावी आजोबांची एक जर्मन रायफल आहे. तीन पिढ्या घरात तिला ‘मावझर’ म्हणत आल्या. पीकसंरक्षणासाठी मिळालेल्या आजोबांच्या परवान्यावर ‘८ मिमी माउझर’ असेच लिहिलेले होते, आणि वडिलांच्या पश्चात वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा कारकुनाने तीच ओळ जशीच्या तशी उतरवली. ही रायफल खरोखर कोणती आहे, ती कधीची आहे आणि तिच्यात कोणते काडतूस चालते, हे लेखी मिळावे म्हणून मी ती धुळ्यातील एका परवानाधारक शस्त्रविक्री व दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण शस्त्रांच्या धंद्यात प्रसिद्धी नको असते आणि मालकांनी तशी विनंतीही केली होती.

प्रथम आपल्याकडच्या ‘मावझर’ या शब्दाविषयी, कारण घोळाचे मूळ तिथेच आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा या बंदूक-विक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली, पुढे १९२५ च्या काकोरी प्रकरणातही माउझर पिस्तुलेच होती, आणि तेव्हापासून हे नाव आपल्या कानांत इतके पक्के बसले की बोल्ट (मुठीने मागेपुढे सरकवायचा, नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) असलेली कोणतीही जर्मन बंदूक दिसली की ती मावझर ठरते. प्रत्यक्षात नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथील माउझरचा कारखाना एकीकडे होता आणि थुरिंगियातील सूल, त्सेला-मेलिस या गावांतील शेकडो लहानमोठे बंदूककार दुसरीकडे. आपल्या जुन्या घरांत निघणाऱ्या शिकारी रायफलींपैकी बऱ्याच या दुसऱ्या गटातल्या असतात.

दुकानात गल्ल्यावर तरुण मालक बसतात आणि मागच्या खोलीत एक वयस्कर कारागीर काम करतात, ज्यांना सगळे नुसते ‘मिस्तरी’ म्हणतात. परवाना, शस्त्राचा क्रमांक आणि नोंदवही यांची पडताळणी होईपर्यंत रायफल पेटीबाहेर काढू दिली नाही, ही पहिलीच गोष्ट मला आवडली. पेटी उघडल्यावर मिस्तरींनी बोल्ट मागे ओढला, एकवार बाजूने पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हाई मावझर नई शे.” यायला मला दोन तास लागले होते आणि निकाल दहा सेकंदांत लागला.

त्यांनी काय पाहिले ते नंतर त्यांनीच समजावले, आणि पुढे ज्यांना अशी रायफल हातात धरायची वेळ येईल त्यांच्यासाठी ते जरा सविस्तर लिहितो. आमच्या रायफलीच्या बोल्टघराचा मागचा पूल, म्हणजे बोल्टवरून जाणारा आडवा पट्टा, मधोमध चिरलेला आहे, त्या चिरेतून बोल्टची चपटी मूठ पुढे सरकते आणि बंद झाल्यावर पुलाच्या पुढे जाऊन बसते. माउझरच्या १८९८ च्या रायफलीत, म्हणजे माउझर ९८ मध्ये, पूल अखंड असतो आणि मूठ त्याच्या मागे राहते. दुसरे म्हणजे आमच्या बोल्टचे डोके वेगळे निघते. मिस्तरींनी बोल्ट हातावर उपडा केला तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा तो तुकडा अलगद तळहातावर पडला, आणि मला धक्काच बसला, कारण लहानपणापासून ती रायफल मी पुसत आलो होतो आणि हा तुकडा सुटा आहे हे मला ठाऊकच नव्हते. बोल्टला अडवणारे दोन दात मागच्या दांड्यावर असतात, डोक्यावर नसतात. त्यामुळे साफसफाईत हे डोके हरवले तरी बोल्ट बंद होतो आणि सगळे ठीक असल्यासारखे वाटते. अशी बिनडोक्याची रायफल कोणी झाडली तर काय होईल ते सांगायला नको. माउझर ९८ चा बोल्ट एकसंध असतो, त्याच्या कडेने लांब पोलादी पंजा असतो जो काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो, आणि पुढच्या दोन दातांखेरीज मागे तिसरा सुरक्षेचा दात असतो. तुलनेसाठी त्यांनी दुरुस्तीला आलेली एक खरी ओबर्नडॉर्फ शिकारी रायफल शेजारी ठेवली. दोन्हींच्या मागे उभा फिरणारा सुरक्षेचा पंख सारखाच दिसतो, आणि घरोघरची फसगत त्या पंखामुळेच होते.

तर आमची रायफल ‘१८८८’ च्या रचनेवर बांधलेली निघाली. हे शस्त्र पॉल माउझरने नव्हे, तर जर्मन लष्कराच्या रायफल-परीक्षण आयोगाने ठरवले, म्हणून त्याला कमिशन रायफल असेही म्हणतात. मॅगझिन मॅनलिखर पद्धतीचे, म्हणजे पाच काडतुसे पत्र्याच्या क्लिपसह आत घालायची आणि शेवटचे काडतूस नळीत गेले की रिकामी क्लिप खालच्या भोकातून गळून पडायची. सूलमधील हेनेल, शिलिंग यांसारख्या कारखान्यांनी लष्करासाठी या रायफली बनवल्या आणि त्याच रचनेवर शिकारीसाठीही बनवल्या : अर्धी अष्टकोनी आणि अर्धी गोल नळी, गालाला टेकणारा उंचवटा असलेला अक्रोडाचा दस्ता, आणि मागचा ओढला की पुढचा केसासारखा हलका होतो असे दोन चाप.

येथपर्यंत जाणकार माणूस फोटो पाहूनही सांगेल. या दुकानाचे खरे काम दस्ता उतरवल्यावर सुरू होते. मिस्तरींनी स्क्रूच्या प्रत्येक खाचेला बेतेल असे पाते घासून मगच स्क्रूला हात लावला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी (ते धुळ्यात नाही) कोणीतरी साध्या पान्याने जोर लावून स्क्रूंची तोंडे चावली होती आणि दस्त्यावर चकचकीत वॉर्निश थापले होते, ते पाहून मिस्तरी काही बोलले नाहीत, फक्त जीभ टाळूला लावून ‘च्च’ केले. नळी उलटी केली आणि तिच्या पोटावर, लाकडाने शंभर वर्षे झाकून ठेवलेली, शिक्क्यांची रांग दिसली.

जर्मनीत १८९१ मध्ये शस्त्रचाचणीचा कायदा झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून तो लागू झाला. त्यानंतरच्या नळ्यांवर मुकुटाखाली बी, यू आणि जी ही अक्षरे आढळतात. यातील यू म्हणजे तपासणी आणि जी म्हणजे आटे (आतल्या पिळदार खाचा) पाडलेली नळी. धूररहित दारूच्या चाचणीचे मुकुटाखालचे एन हे अक्षर साधारण १९११-१२ पासून दिसते, आणि १९४० पासून मुकुटाच्या जागी गरुड येतो. आमच्या नळीवर बी, यू, जी आहेत, एन नाही आणि गरुडही नाही. म्हणजे रायफल १८९३ नंतरची आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीची. त्याशेजारी दारूचे वजन ग्रॅममध्ये, त्या काळच्या चपट्या कणांच्या रायफल-दारूचे संक्षिप्त नाव आणि पोलादी कवचाच्या गोळीची आद्याक्षरे आहेत. आणि मग एक विचित्र आकडा : १७२.२८. घरात आम्ही याला कारखान्याचा क्रमांक समजत होतो, असे मी सांगताच मालकही हसले. हे माप आहे. एक इंग्रजी पौंड शिशापासून त्या नळीत बसतील अशा किती गोल गोळ्या होतील, त्याची ही संख्या, १७२.२८ म्हणजे ७.६२ मिलिमीटर. तेवढा गज नळीतून गेला आणि त्याच्या वरचा गेला नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि म्हणून या आकड्यावरून गोळीचा व्यास ठरवता येत नाही.

तो ठरवणे हाच या सगळ्या तपासणीचा गाभा होता. ८×५७ (सुमारे आठ मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटर लांबीचे कवच) या नावाची दोन काडतुसे आहेत. १८८८ च्या मूळ काडतुसाची गोळी सुमारे ८.०८ मिलिमीटरची, गोल नाकाची आणि १४.७ ग्रॅमची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन लष्कराने ९.८ ग्रॅमची टोकदार ‘एस’ गोळी आणली आणि तिच्यासाठी नळीच्या खाचा खोल केल्या, कारण तिचा व्यास ८.२० च्या वर आहे. जुन्या नळीच्या काडतुसाला आय आणि नव्याला आयएस म्हणतात. बाहेरून दोन्ही काडतुसे जुन्या नळीत बसतात. फरक मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याचा, पण तेवढ्याने नळीतील दाब धोकादायक वाढतो, आणि १८८८ च्या रचनेत फुटलेल्या काडतुसाचा वायू अडवण्याची सोय ९८ सारखी नाही. ‘८ मिमी माउझर’ या परवान्यावरील ओळीच्या भरवशावर मागे एका विक्रेत्याने मला काडतुसे देऊ केली होती. कोणती, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मिस्तरींनी मऊ शिशाची एक गुटी तेल लावून नळीच्या तोंडातून ठोकली आणि गजाने हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत ढकलली. बाहेर आलेल्या गुटीवर चार कंगोरे उमटले होते. समोरासमोरच्या दोन कंगोऱ्यांवर मायक्रोमीटर लावून त्यांनी तीन वेळा माप घेतले आणि तिन्ही वेळा मला वाचायला लावले : ८.०८. त्यानंतर काडतूसघराचा साचा घेतला, आणि तोही गंधकाचा. लहान पळीत गंधक मंद आचेवर वितळवून, नळी आतून चिंधीने बंद करून, मागून ओतले. थंड झाल्यावर पिवळीधमक कांडी निघाली, तिच्यावर काडतुसाचा खांदा आणि मान नखाने चाचपता येईल इतक्या स्पष्ट होत्या. लांबी ५७ मिलिमीटरला किंचित वर. खोलीत दिवाळीतल्या फटाक्यांसारखा वास भरला आणि मालकांनी पंखा लावून आम्हा दोघांना दटावले.

आता तक्रारी. आठ दिवसांत होईल असे सांगितलेले काम पाच आठवड्यांनी झाले, आणि दर वेळी फोन मालकच उचलत असल्याने ‘मिस्तरी बाहेरगावी आहेत’ यापलीकडे काही कळत नसे. तपासणीचे अडीच हजार रुपये आधी ठरले होते. लेखी अहवालाचे पाचशे वेगळे, हे शेवटच्या दिवशी कळले. अहवाल एकाच पानाचा आणि हाताने लिहिलेला आहे, मजकूर अचूक आहे, परंतु शिक्क्यांचे फोटो त्यात नाहीत. ते मी माझ्या मोबाइलवर काढले म्हणून वाचलो. सगळ्यात खटकले ते मालकांचे ‘नळी काळी करून देतो, नव्यासारखी दिसेल’ हे पालुपद. जुन्या शस्त्राची नळी घासून पुन्हा काळी केली की शिक्क्यांच्या कडा बुजतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते. मी नको म्हटले, तेव्हा आतून मिस्तरीही ‘राहू द्या’ म्हणाले. एकाच दुकानात दोन मते आहेत, हे नव्या ग्राहकाने लक्षात ठेवलेले बरे.

दस्त्याबाबत मात्र मिस्तरींचा सल्ला अमोल निघाला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, अक्रोड आटतो, पावसाळ्यात फुगतो, आणि चापाच्या मागे उभी चीर पडते. आमच्या दस्त्याला ती पडली आहे. आजोबा त्यावर गोडेतेल चोळत. शेंगदाण्याचे तेल कधी वाळत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. जवसाचे तेल वाळून लाकडात मुरते, म्हणून दस्त्याला तेच लावायचे, तेही फडक्याच्या टोकाने, थेंब थेंब.

संग्रहाच्या हौशीने जाणाऱ्यांना आणखी एक सांगितले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. शस्त्र कायदा १९५९ च्या ४५ व्या कलमात पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाहीत अशाच शस्त्रांना. झाडता येणारी शंभर वर्षांची रायफल म्हातारी झाली म्हणून परवान्यातून सुटत नाही. हे मालकांनी विचारल्याशिवाय स्पष्ट केले, याबद्दल त्यांना पूर्ण गुण. अहवाल जोडून परवान्यावरील वर्णन दुरुस्त करावे, असा अर्ज मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत दिला आहे.

निघताना मिस्तरींनी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यातून पत्र्याची क्लिप काढून दिली, त्या डब्यात तशा दोनच होत्या. आमच्या घरी एकही नव्हती, आणि म्हणूनच वडील आयुष्यभर एकेक गोळी हाताने भरत आले. ही एकनळी एकबारीच आहे, अशी त्यांची समजूत होती. घरी येऊन मी ती क्लिप नव्वदीतल्या आत्याच्या हातावर ठेवली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, बोटाने कड चाचपली आणि म्हणाली, “या तर आम्ही वेचायचो. बाबा मचाणावरून उतरले की खाली पडलेल्या असायच्या. भातुकलीत त्यांच्या चुली करायचो.”