टेनिस रॅकेट चाचणीला घेताना: ३०० ग्रॅम की २७०?

बॅबोलाट कंपनीची प्युअर ड्राइव्ह रॅकेट ३०० ग्रॅमची, तिचीच लाइट आवृत्ती २७० ची. हे वजन तारांशिवायचं. तारा चढल्या की साधारण १५ ते १८ ग्रॅम वाढतात.

जड रॅकेट वेगवान चेंडूपुढे डगमगत नाही. सर्व्हिस परतवताना चेंडू मधोमध लागला नाही तरी ती हातात कमी वळते, हादराही कमी पोचतो. हलकी झटकन फिरते, व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारताना, वेळेवर पोचते; पण जोरदार फटक्यापुढे मागे ढकलली जाते. मग खेळाडू मूठ आवळतो आणि कोपर धरतं. म्हणून ‘हात दुखतोय, हलकी घ्या’ हा सल्ला बरेचदा उलटा पडतो.

दुकानात हवेत फिरवून काहीच कळत नाही. दोन्हींत त्याच तारा, तोच ताण, ग्रिपचा तोच आकार हवा, नाहीतर तुलना तारांची होते. पहिली वीस मिनिटं दोन्ही छानच वाटतात. तासाभरानंतरच्या सर्व्हिस बघा. चेंडू जाळ्यात जायला लागले, फोरहँड उशिरा बसू लागला, तर वजन झेपत नाहीये.

अगदीच ठरत नसेल तर हलकी घ्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, शिशाची पट्टी चिकटवून वजन वाढवता येतं. घटवता येत नाही.