निओनॅटली बाहुली: बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारी ठेवणार असाल तरच घ्या

नॉर्वेच्या लेर्डल कंपनीची, नवजात बाळाचा श्वास सुरू करून देण्याच्या सरावाची ही बाहुली आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये आम्ही सिस्टर रोज हाताळतो. पाणी भरलं की तिचं वजन साधारण 2 किलो होतं, हातपाय सैल पडतात, मान कलंडते. न रडलेलं बाळ हातात आलं की असंच लागतं. जोडलेले बल्ब दाबून समोरची सिस्टर बाळाचा श्वास, नाळेचे ठोके आणि रडणं चालवते. तुम्ही चुकलात तर ती बाळाला रडू देत नाही.

खरा कस लागतो मास्क लावताना. मास्क हनुवटीवरून जरा सरकला किंवा मान नीट ठेवली नाही, तर अँबू (हवा देण्याची हातानं दाबायची पिशवी) कितीही दाबा, छाती हलत नाही. नव्या मुली घाबरून भराभर दाबतात. त्यांना ‘दाब, दोन, तीन’ असं मोठ्यानं म्हणायला लावलं की मिनिटाला 40 ते 60 चा वेग बसतो.

दर 10 बाळांमागे साधारण एकाला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते. बहुतेकांचं कोरडं करून, पाठ चोळून भागतं. उरलेल्यांना पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कनं हवा मिळायला हवी. रात्री डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंत ते मिनिट निघून जातं. तेव्हा हात असतात ते सिस्टरचेच.

म्हणून ही बाहुली कुलपात दिसली की मला संताप येतो. मी आधी जिथे होते तिथे ती साठा नोंदवहीत चढली आणि खोक्यातच राहिली, तपासणी आली की बाहेर यायची. टांझानियातल्या हायडम रुग्णालयात एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बाहुलीवरचे हात सुधारले, पण प्रत्यक्ष बाळंतपणातलं काम बदललं नाही. कामाच्या जागीच थोडा थोडा सराव वारंवार सुरू केला, तेव्हा पहिल्या 24 तासांतले बाळमृत्यू कमी झाले. आम्हीही ड्युटी बदलताना सराव करतो, रात्रपाळीच्या सिस्टरनं आधी.

बाहुली शिकवते ते जन्मानंतरचं. बाळ गुदमरायला मात्र पुष्कळदा कळा चालू असतानाच सुरुवात झालेली असते. जोराची कळ आली की वारेकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडतं, दोन कळांमधल्या उसंतीत बाळ सावरतं. लवकर सुटका व्हावी म्हणून कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची सलाईन भरभर सोडली की ती उसंतच राहत नाही. अशा वेळी ठोकेही कोणी ऐकत नसेल, तर पुढे निळं पडलेलं बाळ वॉर्मरवर आणून अँबू दाबणं ही चांगली सेवा नव्हे. बाळंतपण उरकल्यावर भरलेल्या पार्टोग्राफचा (कळा आणि ठोके वेळच्या वेळी नोंदवायच्या तक्त्याचा) त्या बाळाला काही उपयोग नाही.

नर्सिंग कॉलेज, प्राथमिक आरोग्य केंद्र, छोटं प्रसूतिगृह, सगळ्यांनी ही बाहुली जरूर घ्यावी. पण तुमच्याकडे चालू अँबू, 0 आणि 1 नंबरचे मास्क आणि ठोके ऐकायला डॉप्लर नसेल, तर पहिला खर्च त्यावर करा.