50 एमएम एफ 1.8 लेन्स: सोलापूरच्या फॅन लोकांत आठ महिने

लेन्स सेकंडहँड घेतली, साडेपाच हजारांत. शहरात कुणी कलाकार आला की त्याचा फोटो झक्कास निघावा, एवढीच तेव्हा इच्छा होती.

पहिली संधी नवी पेठेत मिळाली. दुकानाचं उद्घाटन, मालिकेतली नायिका येणार. वेळ पाचची, आली पावणेआठला. माझ्या एपीएस-सी बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, 50 चा कोन 75 एमएमसारखा होतो, म्हणजे सगळं जरा जवळ दिसतं, तरी साठेक फुटांवरून ती फ्रेमच्या जेमतेम पाव उंचीची दिसत होती. त्यात मध्ये उंचावलेल्या मोबाईलचं रान. कंटाळून मागे वळलो, तर चार हातांवर एक मावशी. विड्या वळतात हे नंतर बोलताना कळलं, पण बोटांच्या पेरांवरचा पिवळट डाग आधीच दिसला होता. नातीचा मोबाईल दोन्ही हातांनी कपाळासमोर धरलेला, स्क्रीनचा निळसर उजेड चेहऱ्यावर. नायिका गाडीतून उतरली आणि मावशींनी मोबाईल खाली घेतला. नुसत्या डोळ्यांनी बघत राहिल्या. तो फोटो मला आजही सर्वांत लाडका आहे.

तेव्हापासून मी फॅनचेच फोटो काढतो, आणि त्यासाठी ही लेन्स सोन्यासारखी आहे. हलकी, छोटी, समोरचा बुजत नाही. मात्र एफ 1.8 चा, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवायचा, मोह आवरा. दीड मीटरवर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे धारदार येणारा पट्टा, जेमतेम सहा-सात सेंटीमीटर मिळते. माणूस टाचा उंचावून डुलत असतो, डोळा सुटून कान धारदार येतो. मी छिद्र थोडं लहान करून 2.8 वर राहतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 3200. शटरच्या वेगाचं मात्र दुखणं आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली 1/250 सेकंदाला फोटोत पट्टे उमटतात. 1/100 ला ते जातात, पण उड्या मारणारी पोरं हलतात. मी पोरं हलू देतो.

खरी मजा पूर्व भागात. विणकामासाठी तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तेलुगू हिरोचा सिनेमा लागला की फ्लेक्सला हार, नारळ, कधी दुधाचा अभिषेक. रात्रपाळी करून आलेला एक पोरगा, भुवयांवर सुताची भुकटी तशीच, फ्लेक्सवर दूध ओतत होता. त्या दुधाचे शिंतोडे लेन्सवरही आले. पुढे साधा फिल्टर होता म्हणून काच वाचली. लेन्सला पाणी-धुळीपासून संरक्षण नाही, तेव्हा फिल्टर घ्याच. गुलालातही तोच कामी आला.

तक्रारी आहेत. अंधारात ऑटोफोकस मागेपुढे धडपडतो, तेवढ्यात चेहऱ्यावरचा भाव निघून जातो. दाटीत मागे सरकायला जागा नसली की फक्त नाकडोळे मावतात.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. ओरडणाऱ्या, रडणाऱ्या फॅनला वेडं ठरवणारे फोटो काढू नका. फोटो काढल्यावर स्क्रीन दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा, लहान मूल असेल तर आधी आईबापांना विचारा. मी दाखवतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "ओ दादा, आमच्या ह्यांचा बी घ्या की." रिंकू राजगुरू अकलूजची, नागराज मंजुळे जेऊरचे, आपल्या जिल्ह्यातली माणसं पडद्यावर गेलेली या लोकांनी पाहिली आहेत. कॉलेजातली एक मुलगी एका अभिनेत्रीसोबत सेल्फीसाठी तीन तास उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "ती पण आपल्याच गावाकडची आहे ना." सेल्फी मिळाला नाही. तिच्या थांबण्याचे अकरा फोटो मात्र माझ्याकडे आहेत, तिला पाठवले.

लांबून स्टेजवरचा कलाकार टिपायचा असेल तर ही लेन्स घेऊ नका. मी ती विकणार नाही. जोडीला रुंद कोनाची 24 एमएम शोधतोय, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी मिळाली तर बरं. मावशींच्या फोटोची प्रिंट काढून ठेवलीय, पत्ता अशोक चौकाच्या पुढचा आहे, रविवारी द्यायला जाणार.