पुणे ते मालवण विजेच्या गाडीने: वाटेतले फास्ट चार्जिंग की मुक्कामाचे स्लो चार्जिंग?

पंचेचाळीस युनिटची बॅटरी असलेली गाडी महामार्गावर एका युनिटला साधारण सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे पुण्याहून पूर्ण चार्ज करून निघाल्यास सुमारे 230 किलोमीटरवरच्या कोल्हापूरला पोहोचताना बॅटरीत जेमतेम वीस टक्के उरतात, आणि तिथून गगनबावडा, करूळ घाट व कणकवलीमार्गे मालवण अजून दीडशे किलोमीटर असते. चार्जिंग कुठे आणि कोणत्या प्रकाराने करावे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते ते यासाठी.

महामार्गावरचा 60 किलोवॅटचा डीसी, म्हणजे फास्ट चार्जर वीस टक्क्यांवरची बॅटरी ऐंशीपर्यंत सुमारे 40 मिनिटांत नेतो. तेवढ्यात जेवण आटोपते. मात्र त्याच यंत्राच्या दुसऱ्या गनला (गाडीत खुपसायच्या प्लगला) आणखी एक गाडी लागली, तर बऱ्याच ठिकाणी वीज दोघांत विभागली जाते आणि वेळ जवळपास दुप्पट होतो. ऐंशी टक्क्यांनंतर गाडी स्वतःच विजेचा ओघ कमी करते, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांसाठी थांबणे मला पटत नाही. आपलाही वेळ जातो आणि मागचा माणूसही ताटकळतो. खर्चाचे म्हणाल, तर दर युनिटला साधारण 18 ते 25 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी धरता या 27 युनिटना पावणेसहाशे ते आठशे रुपये पडतात. चार्जर ॲपमध्ये चालू दिसतो आणि प्रत्यक्षात बंद निघतो, असा अनुभव मला दोनदा आला आहे. म्हणून पुढचा चार्जर गाठता येईल एवढी बॅटरी शिल्लक असतानाच थांबावे.

स्लो चार्जिंगची गोष्ट निराळी आहे. गिझर किंवा एअर कंडिशनरसाठी असतो तसा पंधरा अँपिअरचा सॉकेट तासाला सुमारे तीन युनिट देतो. रात्री नऊ ते सकाळी सात एवढ्या वेळात, वाया जाणारी वीज वजा करता, सत्तावीसेक युनिट बॅटरीत पडतात. म्हणजे फास्ट चार्जरने 40 मिनिटांत दिले तेवढेच, पण आपण झोपलेले असताना आणि बहुधा निम्म्याहून कमी खर्चात. मुक्कामी 7.2 किलोवॅटचा एसी चार्जर असेल, तर बॅटरी सहा-सात तासांत पूर्ण भरते. मात्र एसी वीज बॅटरीसाठी डीसीत बदलणारा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर 3.3 किलोवॅटचा असेल, तर त्या यंत्राचा अधिक उपयोग होत नाही.

खरी अडचण असते ती अर्थिंगची. मालवणजवळच्या एका घरगुती निवासात एप्रिलमध्ये केबल लावली, तर चार्जरचा लाल दिवा लागला आणि गाडीने वीज घेण्यास साफ नकार दिला. जांभ्याची जमीन उन्हाने कोरडी पडली होती, त्यामुळे अर्थिंग नीट मिळत नव्हते. मालकांनी गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने अर्थिंगच्या खड्ड्यातल्या मीठ-कोळशावर चार बादल्या पाणी ओतले आणि दहा मिनिटांत दिवा हिरवा झाला. तेव्हापासून खोली ठरवताना मी तीन गोष्टी विचारतो: सॉकेट गाडी उभी राहते तिथे आहे का, अर्थिंग तपासलेले आहे का, आणि युनिटचे पैसे किती घ्याल. साधी एक्स्टेन्शन वायर मात्र कधीही वापरू नये. दहा तास सलग भार वाहताना ती तापून वितळू शकते.

एका रात्रीच्या मुक्कामाची सहल असेल, तर जाताना कोल्हापूरला एकदा फास्ट आणि रात्री स्लो, हाच क्रम मी निवडेन. तीस टक्क्यांच्या आसपास मालवणला पोहोचलेली गाडी सकाळी नव्वदीच्या घरात असते आणि परतताना घाट चढूनही कोल्हापूरपर्यंत निश्चिंत जाता येते. पावसाळ्यात कोकणात वीज रात्रभर जाण्याचा संभव असतो, तेव्हा मात्र कणकवलीपूर्वीच ऐंशी टक्के करून घ्यावे. आंबोली किंवा महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर मुक्काम असेल, तर सकाळी शंभर टक्के करून उतरू नये: भरलेल्या बॅटरीत उतारावर तयार होणाऱ्या विजेला जागा उरत नाही, रीजनची, म्हणजे वेग रोखून वीज परत बॅटरीत भरणाऱ्या ब्रेकिंगची पकड ढिली पडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे पंच्याऐंशीवर केबल काढलेली बरी.