नैनिताल टूर: रूमनं निराश केलं, पण एका सकाळच्या पायी फेरीनं पैसे वसूल

मे महिन्यात आई, बायको आणि पोरगीला घेऊन नैनिताल करून आलो. टूर कोल्हापुरातनंच बुक केलेली, दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढं काठगोदाम आणि तिथनं घाट चढून वर. जेवणखाण चांगलं, गाडीवाला पण निवांत माणूस. रूमचं मात्र स्पष्ट सांगतो, लेक व्ह्यू म्हणून जादा पैसे घेतले आणि खिडकीतनं दिसायचा शेजारच्या लॉजचा पत्रा. आईला उजाडताना तळं बघायचं होतं, ते राहिलंच, म्हणून एक स्टार कमी.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी लोकल गाईडबरोबर तळ्याच्या एका टोकाच्या तल्लीतालपासून दुसऱ्या टोकाच्या मल्लीतालपर्यंत चालत जी फेरी दिली ना, ती लै भारी. गाईड तिथलेच, वयस्कर, आईला माताजी माताजी करत तिच्या चालीनं चालणारे. 1841 साली शाहजहानपूरचा बॅरन नावाचा साखरेचा व्यापारी इथं आला, मग बंगले उठले, पुढं त्या प्रांताचं इंग्रज सरकारच उन्हाळ्यात इथनं चालायला लागलं, हे सगळं चालता चालता सांगितलं.

मल्लीतालला फ्लॅट्स म्हणून मोठं मैदान आहे, आपल्या कोल्हापूरच्या गांधी मैदानासारखी पोरं खेळत होती. तिथं उभं करून ते म्हणाले, 18 सप्टेंबर 1880 ला दोन दिवसांच्या पावसानं तो समोरचा डोंगर खाली आला, 151 माणसं गेली, हॉटेल गेलं, नैनादेवीचं देऊळ गेलं, आणि त्याच मातीनं हे मैदान एवढं वाढलं. पोरगी पटकन पायाखाली बघायला लागली. देऊळ नंतर तळ्याच्या काठाला परत बांधलंय, आईनं तिथं ओटी भरली.

मला स्वतःला सगळ्यात पटले ते नाले. डोंगरात पाणी मुरून परत कडा सुटू नये म्हणून इंग्रजांनी उतारावर दगडी नाल्यांचं जाळंच बांधलंय, पाणी थेट तळ्यात. एका नाल्याच्या तोंडाला लोखंडी जाळी, तिच्यात पालापाचोळा, खडी, वेफर्सची पाकिटं आणि एक लहान पोराची चप्पल अडकलेली. आम्ही कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ राहणारी माणसं, 2019 च्या महापुरात दारात पाणी बघितलंय, आमच्या गावातला जयंती नाला तुंबला की काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको, त्यामुळं त्या जाळीपुढं मी बराच वेळ उभा होतो. गाईड काकांनी काठीनं ती चप्पल काढून बाजूला ठेवली.

बोटिंग झालं, छान, लाईफ जॅकेट देतात. मॉल रोडला गर्दी फार, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, त्यापेक्षा पलीकडच्या काठाची ठंडी सडक बरी, झाडीतनं सपाट रस्ता आहे, आईचे गुडघे अजिबात बोलले नाहीत.

बुक करताना ती पायी फेरी पहिल्याच दिवशी ठेवायला सांगा, म्हणजे पुढचे दोन दिवस गाव ओळखीचं वाटतं, आणि रूमचा नंबर, मजला, खिडकी कुठल्या बाजूला, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.